तिसऱ्या पायडलची हौस
लेक्ससची आयएस 300 अमेरिकेत आली ती 2001 मॉडेल म्हणून, फक्त ऑटोमॅटिक; मॅन्युअल गिअर मिळाले पुढच्या मॉडेलवर्षात. बोनेटखाली मात्र टोयोटा सुप्राच्या घराण्यातलं 2जेझेड इंजिन. असं इंजिन असताना डावा पाय बेकार बसावा, हे तिथल्या काही हौशींना सोसेना. मग घरच्याच गॅरेजात गाडी स्टँडवर चढते. एक गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवला की झालं, असं वाटतं खरं! पण टॉर्क कन्व्हर्टरसोबत पातळ फ्लेक्सप्लेटही जाते, जड फ्लायव्हील येतं, क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंग ठोकावं लागतं, क्लचच्या मास्टर सिलिंडरसाठी फायरवॉलमध्ये जागा करावी लागते. प्रॉपेलर शाफ्टची लांबी जुळेलच असं नाही. खरा छळ वायरिंगचा. गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याचा इशारा मिळाल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडी स्टार्टर फिरवूच देत नाही. इशारा देणारा तो स्विच जुन्या गिअरबॉक्ससोबत गेला की गाडीची समजूत काढणं आलं. एवढ्या खटाटोपात मुळातली मॅन्युअल गाडी बहुधा स्वस्त पडली असती, पण हौसेला हिशेब कोण विचारतो? निदान सुटे भाग गोळा करत हिंडू नये. ठोकलेली मॅन्युअल गाडी अख्खी विकत घ्यावी. पायडलच्या रबरापासून बोल्टपर्यंत सगळं तिच्यातच निघतं, उरलेला सांगाडा भंगारवाला नेतो.