घडी मोडायला हवी

दसरा सरला, घरातली जळमटे निघाली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली, की आमच्या घरी दिवाळी सुरू होते. एरवी या सदराला जेमतेम दीड रकाना मिळतो. अनारशाचे पीठ किती दिवस मुरवावे एवढे सांगेपर्यंतच तो संपतो. दिवाळी अंकात संपादकांनी हात जरा सैल सोडला आहे. म्हणून आज फराळ बाजूला ठेवते आणि त्या ट्रंकेतली एक गोष्ट सांगते. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, तेव्हा कोणाला राग येण्याचे कारण नाही.

आईची पैठणी. वांगी रंगाची, हिरव्या काठांची, पदरावर मोर. १९९१ साली तिने ती माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "जपून ठेव हो." मी तो शब्द तंतोतंत पाळला. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, चार डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून वर सतरंज्या रचल्या. २०१४ साली भाचीच्या लग्नात नेसायला म्हणून ती काढली. उलगडताना बारीकसा 'चर्र' असा आवाज झाला. प्रत्येक घडीवर सरळ रेघेत रेशीम विरले होते आणि पदरावरची जर काळवंडली होती.

रफूगाराकडे घेऊन गेले. म्हातारे गृहस्थ. त्यांनी पैठणी उजेडाकडे धरली, बोट फिरवले आणि म्हणाले, "ताई, ही कसरीने खाल्लेली नाही. नेसून फाटली म्हणावं तर तसंही नाही. हिला घडीनं कापलंय. तेवीस वर्षांत एकदा तरी घडी मोडायची होती."

जपून ठेवणे निराळे आणि निगा राखणे निराळे, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून कपड्यांविषयी जे शिकले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी लावण्यापूर्वी कापडाचे कूळ ओळखावे. नैसर्गिक धाग्यांची मुख्य घराणी दोन. एक झाडाचे: कापूस आणि जवसाच्या खोडापासून निघणारे लिनन. दुसरे प्राण्याचे: किड्याच्या कोशाचे रेशीम आणि मेंढीची लोकर. रेशीम आणि लोकर ही आपल्या केसांसारखीच प्रथिनांची बनलेली असतात. धुण्याच्या सोड्याने आपण केस धुऊ का? मग रेशमी पोलक्यालाही तो लावू नये. जे केसांना सोसते तेच रेशमाला आणि लोकरीला सोसते, हा आडाखा सहसा चुकत नाही.

कूळ कळत नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि ताटलीवर पेटवून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. रेशीम व लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. मागे राहिलेला काळा कण बोटाने चुरडला जातो. पॉलिएस्टर मात्र वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. 'शुद्ध रेशीम' म्हणून घेतलेल्या साडीचे पितळ असे एका धाग्यात उघडे पडते.

सुताची एक गंमत सांगते. भिजले की सूत वाळल्यापेक्षा जास्त मजबूत होते. आपल्या आज्या नदीवर लुगडी दगडावर धोपटत आणि तरीही ती वर्षानुवर्षे टिकत, त्याचे एक कारण हे आहे. रेशीम आणि लोकर यांचे उलटे आहे. ती भिजली की दुबळी होतात. म्हणून ओले रेशीम पिळणे हा त्याच्यावर सर्वांत मोठा अन्याय.

सुती कपड्याला साबण, गरम पाणी, चोळणे सारे चालते. एवढेच पाहावे, की नवे कापड, विशेषतः खादी, शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात ठेवावी. मागावर धागा ताणलेला असतो. पाणी मिळाले की तो मूळ जागी येतो आणि कापड आटते. ते शिवण्याआधी आटलेले बरे. रंग जाणारा कपडा पहिले तीन-चार वेळा वेगळा धुवावा. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही. फार तर त्या धुण्यापुरता तो थोडा कमी सुटतो. खळ द्यायला भाताची गाळलेली पेज उत्तम. मात्र खळीचा कपडा महिनोन्महिने पेटीत ठेवू नये, कारण पिठूळ खळीवर कसर हमखास येते. ठेवायचा तो कपडा बिनखळीचा, धुऊन पूर्ण वाळलेला असावा.

साध्या रेशमासाठी आपला जुना रिठाच बरा. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा. टरफले अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटे उकळा आणि गाळून घ्या. अर्धी बादली थंड पाण्यात ते मिसळून त्यात कपडा हलकेच खालीवर करा. चोळू नका, फार वेळ भिजत ठेवू नका. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातले तर चमक खुलते. नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळत घाला. उन्हाने रेशीम पिवळे पडते व कुजते. अगदी पांढऱ्या रेशमावर रिठ्याची झाक येऊ शकते, त्याला सौम्य शांपू वापरावा.

धुण्याच्या पावडरींत हल्ली डाग काढणारी एन्झाइमे असतात. त्यांतली काही प्रथिने तोडतात. सुती शर्टावरचा दुधाचा डाग त्यांनी जातो. पण रेशीम स्वतःच प्रथिन असल्यामुळे त्याचीही झीज होते. क्लोरीनच्या ब्लीचला तर रेशमाच्या आणि लोकरीच्या आसपासही फिरकू देऊ नका. आणि जरीची साडी घरी धुण्याचे धाडस नकोच. ती चांगल्या ड्रायक्लीनवाल्याकडे द्या.

लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि थोरल्याचा स्वेटर धाकट्याच्या मापाचा होऊन बसतो. कोमट पाणी, कमी साबण आणि आडवे पसरून वाळवणे, एवढे पथ्य पुरे. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर आपल्याच वजनाने लोंबतो.

आता दिवाळीचे डाग. अभ्यंगाचे किंवा पणतीचे तेल सांडले तर लगेच पाणी लावू नका. आधी टाल्कम पावडर भुरभुरून तासभर ठेवा, झटका, मग धुवा. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो आणि नवी गृहिणी घाबरते. डाग वाढलेला नसतो. साबणातल्या क्षाराने हळद रंग बदलते एवढेच. सुती कपडा असेल तर खळखळून धुवा आणि ओला असतानाच उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही; दोन-तीन दिवसांत तो उतरतो.

आणि आता ट्रंक. ठेवणीतली साडी स्वच्छ असेल तरच ठेवा, कारण घामाच्या आणि तेलकट जागी कसर आधी बसते. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत ती गुंडाळा; प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते. जरीवर अत्तराचा फवारा नको. जड साडी हँगरला टांगू नका आणि तिच्यावर ओझेही रचू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा. डांबराच्या गोळ्या मी घरातून हद्दपार केल्या आहेत. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी हे द्रव्य जन्मतः कमी असते. अशा बाळाला नॅफ्थलिनच्या वासाच्या दुपट्यात गुंडाळले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. बारशाला जुनी दुपटी काढताना हे विसरू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी साडी उलगडा, तासभर सावलीत वारा द्या आणि घडी नव्या जागी घाला. धागा एकाच जागी वर्षानुवर्षे दुमडून राहिला की तिथेच तुटतो. एवढे केले असते तर माझी पैठणी वाचली असती.

रफूगारांनी पैठणीला आतून मलमल लावून दिली. चिरा दिसतात, पण ती नेसता येते. आता दर पाडव्याला मी ती नेसते. ती फाटलेली पाहायला आई नव्हती. असती तर रागावली नसती, "घडी मोडायची राहूनच गेली ना गं?" एवढेच म्हणाली असती.

तेव्हा फराळाचे डबे भरून झाले की आज दुपारी ट्रंक उघडाच. वरच्या साड्या नंतर पाहा, आधी तळाची काढा. आणि जिची घडी मोडायला मुहूर्त शोधत होतात, ती या पाडव्याला नेसा. दिवाळीच्या अनेक शुभेच्छा!