तुरुंगाची बदली

लोकमान्य टिळकांस १९०८ सालीं साबरमतीहून मंडालेस नेण्यांत आलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. १९१२ सालीं सत्यभामाबाई पुण्यास वारल्या, तेव्हां ते तेथेंच होते. शिक्षा सहा वर्षांची होती. परंतु घरच्या माणसांची भेट इतकी दुर्लभ झाली ती अंतरामुळें, आणि तें अंतर कोणत्याहि न्यायाधीशानें मोजून दिलेलें नव्हतें.

कैद्यास एका तुरुंगांतून दुसऱ्यांत हलविणें ही कचेरीच्या दृष्टीनें एका ओळीची बाब. घरच्यांच्या दृष्टीनें मात्र भेटीच्या एका दिवसाचे दोन दिवस होतात, गाडीभाडें वाढतें, आणि म्हातारी आई हळूहळू जावयाची थांबते. कच्च्या कैद्याचें दुःख आणखी निराळें. त्याचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा असतो. वकील एका गांवीं व अशील दुसऱ्या गांवीं, मग बचाव उभा राहावा कसा?

‘चोरांची एवढी कळकळ कशाला?’ असें कोणी म्हणेल. आमच्या घरांतहि तें म्हटलें गेलें. तुरुंगांत गर्दी होते, टोळ्यांचीं भांडणें होतात, पळून जाण्याचे बेत शिजतात. अधिकाऱ्यांस बदलीचा अधिकार नसावा असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्यानें ज्याचें नुकसान व्हावयाचें त्याचें म्हणणें कोणी ऐकावें कीं नाहीं.

दिल्लीच्या तिहार तुरुंगांतील सुनील बत्रा ह्या कैद्यानें दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें, आणि न्यायालयानें तें पत्रच अर्ज म्हणून चालविलें. १९७९ च्या डिसेंबरांतील त्या निकालांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर ह्यांनीं एकान्त कोठडीच्या जोडीलाच दूरच्या तुरुंगांतील बदलीहि धरली. जी बदली शिक्षेसारखी भोंवते ती सत्र न्यायाधीशाच्या विचाराविना करूं नये. तातडी असल्यास निदान दोन दिवसांत त्यांस कळवावें, असें त्यांनीं ठरविलें. तातडीची ही वाट मोकळी ठेवली हें आम्हांस विशेष शहाणपणाचें वाटतें.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांतून २००८ सालीं कांहीं कच्चे कैदी अन्यत्र हलविण्यांत आले, त्याचा वादहि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०० च्या कैद्यांविषयींच्या कायद्याच्या २९ व्या कलमावर सरकारचा भर होता. २०१२ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, तें कलम शिक्षा झालेल्यांपुरतें आहे, कच्च्या कैद्यास लागू नाहीं. ज्या न्यायालयानें त्यास कोठडींत ठेवलें त्याचीच परवानगी हवी. आणि ती परवानगी म्हणजे कारकुनी शिक्का नव्हे, तर कैद्याचें म्हणणें ऐकून घेऊन केलेला न्यायनिवाडा होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं नेमका उलट कौल दिला होता: शिक्षा झालेल्यास कोणत्या तुरुंगांत ठेवावें ह्यासाठीं सुनावणीचा हक्क नाहीं. आम्हांस आपल्या न्यायालयाचा कौल अधिक माणुसकीचा वाटतो.

अलीकडे तारखेस पडद्यावरूनच हजर करतात, तेव्हां अंतराचें काय एवढें, असाहि युक्तिवाद होतो. वकिलाशीं एकान्तांत चार शब्द बोलावयाचे असतात, ते तो पडदा कसे झांकणार?

कोणाच्या आप्तावर असा प्रसंग आलाच, तर हरकतीचा अर्ज नुसता तुरुंगाधिकाऱ्याकडे देऊन थांबूं नये. कच्च्या कैद्याच्या बाबतींत तो कोठडी देणाऱ्या न्यायालयांतच द्यावा. वकिलास पैसे नसल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोठडींतील माणसास तेथें वकील विनामूल्य मिळतो, आणि त्याची मिळकत किती हें विचारलें जात नाहीं.