खाऱ्या तलावातील क्लोरीन

गुडघ्यांची झीज झालेल्या ज्येष्ठांना मी पुष्कळदा औषधांच्या जोडीने पाण्यात चालण्याचा व्यायाम सुचवतो. छातीपर्यंतच्या पाण्यात देहाचा बराचसा भार पाणीच उचलते. सांध्यांना विसावा मिळतो आणि स्नायूंना मात्र व्यायाम घडतो. गृहसंकुलांतून तलाव झाल्यापासून हा उपाय अनेकांच्या आवाक्यात आला आहे. त्यांतील काही तलाव खाऱ्या पाण्याचे असतात आणि त्यांच्याविषयी एक वाक्य मला वारंवार ऐकावे लागते : ‘डॉक्टर, आमच्याकडे क्लोरीन नाहीच, नुसते मीठ आहे.’

नुसते मीठ जंतू मारीत नाही. या तलावांत मिठाचे प्रमाण लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम असते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असते. पंपाच्या खोलीत नळावर एक नळकांडे बसवलेले असते. त्यातील लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वीजप्रवाह सोडला की मिठातील क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतो. पावडर टाकून मिळणारा क्लोरीन आणि हा क्लोरीन, दोन्ही एकच. फरक इतकाच, की येथे त्याचा कारखाना तलावालाच जोडलेला आहे. आणि कारखाना म्हटला की तो बंदही पडतो.

(रक्तदाबाच्या रुग्णांचा नेहमीचा प्रश्न : हे मीठ त्वचेतून अंगात जाते का? काळजी करण्याइतके जात नाही. चुकून एखादा घोट पोटात गेला, तरी त्यातले मीठ चिमटीपेक्षाही कमी असते. लोणच्याची फोड अधिक घातक.)

गतवर्षी उन्हाळ्यात एकाच संकुलातील तिघे ज्येष्ठ एका आठवड्यात माझ्याकडे आले. एकाचा कान ठणकत होता; दोघांच्या अंगावर, पोहण्याच्या कपड्याखाली, केसांच्या मुळाशी लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. क्लोरीन कमी पडलेल्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूंची ही ओळखीची खूण. चौकशी केली तेव्हा ‘यंत्राचा हिरवा दिवा लागलेला आहे’ असे उत्तर मिळाले. दिवा खोटे बोलत नव्हता. तो यंत्र चालू आहे एवढेच सांगत होता. पाण्यात क्लोरीन किती उरला, हे त्याला ठाऊक नसते. विजेची बचत म्हणून पंप दिवसाला आठ तासांऐवजी तीनच तास चालवला जात होता. पंपातून पाणी वाहत असेल तेवढाच वेळ क्लोरीन तयार होतो, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

म्हणून पाणी मोजायला हवे. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (घरच्या आरओ यंत्रामुळे हे एकक आपल्या परिचयाचे झाले आहेच) आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. पाण्यात क्लोरीन टिकवणारे सायन्युरिक आम्ल घातले असेल, तर क्लोरीन २ च्या खाली जाऊ देऊ नये. पिवळा रंग देणारी स्वस्त चाचणी मुक्त आणि निकामी असा सगळाच क्लोरीन एकत्र दाखवते. गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी घ्यावी. तिचीही एक खोड आहे : क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग उडून जातो आणि पाणी क्लोरीनविरहित भासते. रंग क्षणभर उमटून नाहीसा झाला, तर नमुन्यात साधे क्लोरीनरहित पाणी मिसळून पुन्हा पाहावे.

आकडा कमी आला तर शोध कोठून सुरू करावा? आधी पंपाचे तास आणि गाळणी. गाळणी तुंबली की प्रवाह मंदावतो आणि यंत्र स्वतःहून थांबते. मग मीठ. मीठ सहसा संपत नाही, कारण क्लोरीनचे काम झाल्यावर त्याचे बहुतांशी पुन्हा क्लोराइडच होते. पण पावसाळ्यात तलाव भरून वाहतो आणि गाळणी उलटी धुताना पाणी गटारात जाते, तेव्हा मीठही जाते. एक लाख लिटरच्या तलावात लिटरमागे अर्धा ग्रॅम वाढवायचा तर ५० किलो मीठ लागते, तेही आयोडीनविरहित. मात्र मीठ मोजल्यावाचून पोती रिकामी करू नयेत. पट्ट्यांवर क्षार चढले तरी यंत्र ‘मीठ कमी’ असाच इशारा देऊ शकते. बोअरवेलच्या जड पाण्यावर चालणाऱ्या तलावांत हे फार आढळते. पट्ट्यांवर पांढरे थर दिसले तर त्या सौम्य आम्लाने धुवाव्यात. सुरीने खरवडल्या तर लेपच निघून जातो. काही वर्षांनी पट्ट्या झिजतातच, त्याला इलाज नाही. त्या बदलाव्या लागतात.

ऊन हा क्लोरीनचा मोठा शत्रू. उघड्या तलावात सायन्युरिक आम्ल मुळीच नसेल, तर सकाळी तयार झालेला बहुतेक क्लोरीन दुपारच्या आत नाहीसा होतो. याची उलट बाजूही पाहिली पाहिजे. यंत्र बिघडले की काही ठिकाणी ट्रायक्लोरच्या गोळ्या टाकल्या जातात. प्रत्येक गोळीबरोबर हे आम्ल वाढत जाते; ते फार झाले की आकडा चांगला दिसतो, पण क्लोरीन सुस्त होतो. मग थोडे पाणी काढून नवे भरण्यावाचून गत्यंतर नसते.

खाऱ्या तलावाचा पीएच आपोआप वर चढतो, आणि पीएच ८ ला पोहोचला की क्लोरीनची जंतुनाशक शक्ती बरीच घटते. तो उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कदापि नव्हे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर, किंवा ट्रायक्लोर आणि ब्लीचिंग पावडर, एका भांड्यात किंवा एका कपाटात कधीही एकत्र आणू नये. त्यातून विषारी वायू निघतो, स्फोटही होऊ शकतो. हे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे आहे. आजोबांनी उत्साहाने मदतीला जाऊ नये.

तलावाशी तीव्र वास येतो तेव्हा ‘क्लोरीन भरपूर आहे’ असे समजून निर्धास्त होऊ नका. तो वास बहुधा घाम आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो. दमा किंवा जुना खोकला असणाऱ्यांना त्याने धाप लागते. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून आंघोळ करण्याची पाटी उगाच लावलेली नसते.

घरातील ज्येष्ठांना तलावावर नेणाऱ्या मुलासुनांना माझी विनंती अशी : सकाळी आणि दुपारी केलेली नोंद दाराशी लावावी, असे व्यवस्थापन समितीला लेखी कळवा. नोंद नसेल, क्लोरीन १ च्या खाली असेल किंवा तळ स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. मधुमेहींच्या पायावर छोटीशीही जखम असेल, तर आकडा उत्तम असला तरी ती भरेपर्यंत थांबा, आणि एरवीही तलावावरून आल्यावर बोटांमधली जागा टॉवेलने टिपून पाय नीट पाहा.