ब्रिगेडियर निवृत्त झाला कधी?

संपादक महोदय,

मागच्या अंकातल्या पत्रात ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांना ‘रिकामटेकडे हिशेबनीस’ म्हटलं आहे. रिकामटेकडे, हे कबूल. पण कथांमधल्या सालांचा हिशेब निरर्थक, हे पटलं नाही.

1975 सालच्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये डॉक्टरची सोबतीण सेरा जेन सांगते, मी 1980 सालातली. म्हणजे तिच्या ओळखीचा, युनिट या लष्करी दलाचा प्रमुख ब्रिगेडियर त्या सुमारास नोकरीत हवा. 1983च्या ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये मात्र 1977 साल आहे, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू आहे आणि हे ब्रिगेडियरसाहेब निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवताहेत!

लेखकांचा गलथानपणा, असं पत्रलेखक म्हणतात. आहेच थोडा. पण ‘मॉड्रिन अनडेड’मधली ही शिक्षकाची भूमिका मुळात इयन चेस्टरटनसाठी, 1963च्या पहिल्या कथेतल्या विज्ञानशिक्षकासाठी योजली होती. नट विल्यम रसेल मिळाले नाहीत, म्हणून मास्तरांच्या जागी लष्करी अधिकारी आला. शाळा तेवढी तशीच राहिली. सालांची ओढाताण केली नसती, तर मालिकेच्या कारखान्यातली ही गोष्ट मला कधीच कळली नसती. (2008मध्ये खुद्द डॉक्टरच आपली युनिटमधली नोकरी सत्तरच्या दशकातली की ऐंशीच्या, या घोळात पडतो. लेखकांनाही हा वाद माहीत होता तर!)

माझ्या वहीत निवृत्तीचं साल पेन्सिलीनं लिहिलं आहे. खोडून खोडून तिथला कागद पातळ झालाय.

आपला,
एक रिकामटेकडा हिशेबनीस