दुचाकीवरील बैठक

दुकान, गोदाम, बँक आणि वसुली यांत व्यापाऱ्याचा बराचसा दिवस मोटारसायकलवर जातो. सायंकाळी हात बधिर झाले वा कंबर आखडली, की दोष वयाला दिला जातो. तो पुष्कळदा बैठकीचा असतो. २०१८ साली आलेल्या रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या गाड्यांचे इंजिन एकच, ६४८ सीसीचे. परंतु जीटीचे हँडल खाली व फूटरेस्ट मागे असल्याने स्वार पुढे झुकतो आणि धडाचा भार तळहातांवर येतो. महामार्गावर समोरचा वारा हा भार काहीसा पेलतो. पेठेतल्या गर्दीत तो वाराही नसतो.

अनेक जण प्रथम जाड गादी बसवून घेतात. त्याने आसन उंचावते आणि झुकाव उलट वाढतो! त्याऐवजी टाकी गुडघ्यांनी धरावी, कोपरे सैल ठेवावीत, मनगट सरळ राहील अशा कोनात क्लच-ब्रेकचे लिव्हर बसवून घ्यावेत. हँडल उंच केल्यास पूर्ण वळणावर केबल ताणली जात नाही ना, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. करंगळी व अनामिका रात्रीच्या विश्रांतीनंतरही बधिर राहिल्यास मात्र मज्जातंतू दबल्याची शंका घेऊन वैद्यकीय तपासणी करावी.