पुष्पगुच्छ स्वीकारला, पुढे काय?

आपल्याकडे कार्यक्रम कोणताही असो, फुलांशिवाय तो पार पडत नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, सेवानिवृत्तीचा समारंभ, निकाह, मोहल्ल्यातून हजला निघालेल्यांचा निरोप. नाव पुकारलं जातं, पुष्पगुच्छ हातात पडतो, फोटो निघतो आणि गुच्छ खुर्चीखाली जातो. दुसऱ्या दिवशी हॉल झाडताना शिपाई तो चकचकीत कागदासकट कचऱ्यात टाकतो. सत्कार झाला, फुलाचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

काही मंडळींनी यावर उपाय काढला, 'बुके नको, रोप द्या'. विचार चांगला आहे. पण 5 जूनला पर्यावरण दिनी वाटलेली रोपं जुलैत कुठे असतात? बहुतेक काळ्या पिशवीतच, जिन्याखाली, वाळलेली. फुलाच्या जागी रोप आलं, आपली सवय तीच राहिली.

माझं म्हणणं साधं आहे. फूल किंवा रोप घेणं म्हणजे ते जगवण्याची जबाबदारी घेणं. ती घ्यायची नसेल तर हात जोडून 'नको' म्हणावं, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि घ्यायची असेल तर ते कसं जगतं हे शिकून घ्यावं. ही विद्या महाग नाही, कठीणही नाही. फक्त ती आपल्याला कुणी शिकवलेली नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. फारसीत 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता तो शब्द फुलालाच चिकटला आणि मग पाण्यासाठी आपल्याला 'गुलाबपाणी' म्हणावं लागलं, म्हणजे पाणी दोनदा. निशिगंधाला बाजारात 'गुलछडी' म्हणतात, फुलदाणीला उर्दूत 'गुलदान'. बागवान मंडळींच्या तर आडनावातच बाग आहे. भाषेत इतकी फुलं असलेल्या लोकांच्या घरात फूल एका रात्रीत मरतं, हे मला खटकतं.

एकदा सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, तोडलेलं फूल जिवंत असतं का?" प्रश्न अगदी योग्य होता. तोडलेलं फूल लगेच मरत नाही. ते श्वसन करतं, पाणी ओढतं, कळी असेल तर उमलतं. फक्त मुळं गेलेली असतात, म्हणून देठ हाच त्याचा एकमेव आधार. देठाच्या बारीक नळ्यांत हवा शिरली किंवा घाण पाण्यातले जिवाणू साचले की वाट बंद होते. मग फूल पाण्यात उभं असूनही तहानेने मान टाकतं.

एवढं समजलं की बाकीचं आपोआप कळतं. घरी आल्यावर आधी कागद, दोरा, रबर काढावा. देठाचं टोक धारदार सुरीने बोटाच्या एका पेराएवढं तिरकं कापावं आणि लगेच पाण्यात ठेवावं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत, कारण तीच आधी कुजतात. भांडं साबणाने घासून, खळबळून घेतलेलं असावं. गुलदान नसेल तर काचेची बरणी चालते. पाणी रोज बदलावं आणि दोन दिवसांनी देठ पुन्हा थोडं कापावं. जरबेऱ्याचं देठ पोकळ आणि केसाळ असतं, खोल पाण्यात ते सडतं. त्याला तीन-चार बोटं पाणी पुरे. गुलछडीची फुलं खालून वर उमलत जातात. खालची सुकलेली खुडत राहिलं तर वरच्या कळ्यांना वाव मिळतो. पाण्यात नुसती साखर घालायचा सल्ला बरेच जण देतात. तिने फुलाआधी जिवाणूंचंच पोट भरतं. त्यापेक्षा रोजचं ताजं पाणी बरं.

आणि फुलं आंब्याच्या पेटीजवळ किंवा केळ्यांच्या फण्याशेजारी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने फूल लवकर म्हातारं होतं. पंख्याचा थेट वारा आणि टीव्हीवरची गरम जागाही वाईट.

इथे कुणी म्हणेल, एका गुलाबासाठी इतका खटाटोप? तळेगाव दाभाडे आणि मावळात पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकवणारा शेतकरी तो पहाटे कापून लगेच पाण्याच्या बादलीत ठेवतो, मग थंड खोलीत. बाजारात फुलवाला त्याच्यावर दिवसभर पाणी शिंपडतो. आपल्यापर्यंत येईतो प्रत्येकाने त्याला जिवंत ठेवलेलं असतं. ज्याच्या मानासाठी ते आलं, तोच त्याला खुर्चीखाली टाकतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, पाण्याचा. मराठवाड्यात, खानदेशात, सोलापूरकडे अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. जिथे पिण्याचे हंडे मोजून भरावे लागतात, तिथे कुंडीची गोष्ट चैनीची वाटते. मी हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. पण कुंडीला पिण्याचं पाणी लागतच नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, भाजी धुतलेलं चालतं. वुजूचं पाणी चालतं. वुजू करताना पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. खाली टब ठेवला तर पाच वेळच्या वुजूच्या पाण्यावर चार-पाच कुंड्या सहज जगतात. ते पाणी पुन्हा वुजूला चालत नाही, झाडाला मात्र चालतं. मशिदीच्या वुजूखान्याचं पाणीही गटारात सोडण्याऐवजी आवारातल्या झाडांकडे वळवता येईल. कमिटीने मनावर घेतलं तर एका पाइपचं काम आहे.

गंमत म्हणजे घरातली कुंडी बहुतेक वेळा तहानेने मरत नाही, पाण्यात बुडून मरते. घरातले तिघे तीन वेळा पाणी घालतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती कायम चिखल राहिली की ती कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि पिवळं पान बघून आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं खाली घालून पाहावं. ओल लागली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावं. कुंडीला भोक हवंच.

कुंडीखालच्या ताटलीकडे तर रोगाच्या भीतीने तरी बघा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात, म्हणून ताटली आठवड्यातून एकदा नुसती ओतू नये, घासावी. बाटलीतल्या मनीप्लांटलाही हाच नियम.

'आमच्या दोन खोल्यांत जागा कुठे?' असंही म्हणतात. खिडकीच्या गजाला एक डबा तर टांगता येतो! पुदिना अर्ध्या उन्हात वाढतो. सब्जा ऊन मागतो, पण त्याची पानं सुगंधी आणि बी फालुद्यात. कोरफडीला आठवड्याने पाणी दिलं तरी तक्रार नाही. मोगऱ्याला मात्र पाच-सहा तास ऊन हवंच. थंडीच्या शेवटी छाटणी करून शेणखत दिलं की नव्या फुटीवर उन्हाळाभर कळ्या येतात.

शेवटचा मुद्दा घरातल्या पुरुषांसाठी. रोप आणतात अब्बा, फोटो काढतो मुलगा, पाणी घालते अम्मी. ती चार दिवस माहेरी गेली की झाड वाळतं आणि परत आल्यावर दोष तिलाच. मुलांना 'फुलाचे भाग' परीक्षेत लिहिता येतात, पण एक कुंडी वर्षभर सांभाळता येत नाही. प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो की मुलगी, एक कुंडी द्यावी आणि ती मेली तर का मेली हे त्याच्यासोबत बसून शोधावं. दुसऱ्या जिवाची गरज आपल्या सोयीवर ठरत नाही, हे त्याला तिथे कळेल.

पुढच्या कार्यक्रमात एवढं करून पाहा. दहा गुच्छांच्या जागी प्रत्येक पाहुण्याला गुलछडीची एक काडी, शेजारी पाण्याची बाटली आणि सोबत एक चिठ्ठी, उर्दूत आणि मराठीत: घरी गेल्यावर देठ कापा, रोज पाणी बदला, सुकलेली फुलं खुडा.