मुलांना हे कशाला दाखवायचं?

भारतातून पाहुणे आले की आपल्या अ‍ॅशबर्नकरांची यादी ठरलेली असते. एक दिवस डीसी, एक दिवस लुरे कॅव्हर्न्स आणि परतीच्या आदल्या दिवशी, सामान भरून झालं की, शँटिलीचं उडवार-हेझी विमानसंग्रहालय. रूट २८ ने जेमतेम वीस मिनिटं, तिकीट नाही, फक्त पार्किंगचे पैसे. तिथे काँकॉर्ड आहे, डिस्कव्हरी यान आहे आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं एक बी-२९ विमानही आहे. त्याचं नाव ‘इनोला गे’. आमच्या अल्बममध्ये त्याच्यासमोरचा एक फोटो आहे. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, दोन बोटं वर करून हसतोय. फोटो मीच काढला होता.

याच विमानाने ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बाँब टाकला. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. डिसेंबर २००३ मध्ये विमान इथे मांडलं गेलं, तेव्हा फलकावर विमानाची माहिती होती, हिरोशिमाचं नावही होतं, पण मेलेल्यांचा आकडा नव्हता. त्याचा निषेध करायला त्या बाँबमधून वाचलेले म्हातारे जपानी लोक इथवर आले होते.

त्याआधीची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९५ साली डीसीच्या संग्रहालयात या विमानाबरोबर हिरोशिमाहून आणलेल्या वस्तूही ठेवायच्या होत्या. त्यात एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता. आतल्या भाताचा आणि मटारांचा कोळसा झालेला. माजी सैनिकांच्या संघटना भडकल्या, सिनेटने ठराव केला, प्रदर्शन रद्द झालं आणि संचालकांना राजीनामा द्यावा लागला. शेवटी लोकांना दाखवला तो विमानाचा पुढचा भाग. डबा आलाच नाही. मंडळी, आपण रोज सकाळी सहाला उठून मुलांचे डबे भरतो. विमानापेक्षा त्या डब्याचीच भीती का वाटली असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याकडे येते. थोड्या मोठ्या मुलांना एखाद्या शनिवारी ‘बेअरफूट गेन’ दाखवू या, असं मी आमच्या ओळखीच्या चार पालकांना सुचवलं. उत्तरं झटपट आली. “कार्टून आहे ना, मग लहानांना दाखवा.” दोन मिनिटांनी: “बापरे, ट्रेलर बघितला, मुलांना हे कशाला दाखवायचं?” म्हणजे एकाला तो फारच पोरकट आणि दुसऱ्याला फारच भयंकर!

हा सिनेमा १९८३ चा. तो ज्याच्या चित्रकथेवर बेतलाय तो केइजी नाकाझावा त्या सकाळी सहा वर्षांचा होता आणि शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे वाचला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकून जळाले. आई गरोदर होती, ती त्याच दिवशी रस्त्यावर बाळंत झाली. ते बाळही काही महिन्यांत गेलं. सिनेमात हे सगळं आहे. पण त्याआधीचा अर्धा तास आहे तो भावंडांच्या भांडणाचा आणि आईला खायला मिळावं म्हणून दुसऱ्याच्या तळ्यातला मासा पळवण्याचा. गेन द्वाड आहे, बडबड्या आहे, आपल्याच घरातला वाटतो. मग सव्वाआठ वाजतात. खऱ्या नटांकडून ती पुढची दोन मिनिटं करून घेता आली नसती, आणि खरं चित्रण असतं तर आपण डोळे मिटले असते. रेघांनी काढलेलं आहे म्हणूनच ते बघवतं, आणि बघितल्यावर पुसलं जात नाही.

“जपान्यांनी काय कमी केलं? पर्ल हार्बर, नानकिंग?” असं एका मित्रांनी विचारलं. रास्त प्रश्न. पण गेनचे वडीलच युद्धाच्या विरोधात बोलतात आणि शेजारीपाजारी त्यांना देशद्रोही म्हणून छळतात. आपल्याच राज्यकर्त्यांना इतकं खडसावणारी युद्धकथा मी तरी दुसरी पाहिलेली नाही. म्हणूनच जपानलाही ती टोचते. २०१२ च्या शेवटी मात्सुए शहराने शाळांना ही पुस्तकं मुलांच्या हाती सहज लागू देऊ नका म्हणून कळवलं. आरडाओरडा झाल्यावर पुढच्या ऑगस्टमध्ये ते मागे घेतलं. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाने शांतता-शिक्षणाच्या पाठांतून गेनला काढलं. तेव्हा घाबरणारे आपण एकटेच नाही.

आणि कार्टून मुलांना दाखवायला या देशाने कधी का कू केलं नव्हतं. १९५१ साली सरकारी नागरी संरक्षण खात्याने बर्ट नावाचं कासव काढून शाळकरी मुलांना शिकवलं की अणुबाँब पडला तर डेस्कखाली दडा! याला चोख उत्तर म्हणजे १९८६ चा ब्रिटिश सिनेमा ‘व्हेन द विंड ब्लोज’. खेड्यातलं साधं म्हातारं जोडपं सरकारी पुस्तिका प्रमाण मानून घरातले दरवाजे काढतं, भिंतीला तिरके लावून आडोसा करतं आणि बाँबनंतर पावसाचं पाणी पितं. तिला चिंता कसली, तर पडदे खराब झाल्याची. मला माझी आजी आठवली. सरकारने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार, हा तिचाही विश्वास. सरकारसाठी मात्र दरवाजे नाहीत, अख्खा डोंगर आहे. रूट ७ ने पश्चिमेला गेलात की ब्लूमाँटच्या वर माउंट वेदर लागतो. आपण त्याच्या पायथ्याशी सफरचंदं तोडायला जातो. युद्धात सरकार चालू राहावं म्हणून डोंगराच्या पोटात केलेली ती सोय लोकांना कळली १९७४ साली, एक प्रवासी विमान तिथे आदळल्यावर.

माझंही पाप कबूल करते. ११ मे १९९८ ला पोखरणची बातमी आली तेव्हा मी पुण्यात होते. सोसायटीत पेढे वाटले, मी दोन खाल्ले. भारताने बाँब करावा की नाही यावर आजही आमच्या घरात दोन मतं आहेत, आणि असू देत. शेजारी तसे आहेत, हे मलाही कळतं. पण दुसऱ्याच वर्षी, १९९९ मध्ये, एम. व्ही. रमणांनी हिशेब मांडला होता. हिरोशिमाएवढा एकच बाँब मुंबईवर पडला तर मरतील १ लाख ६० हजार ते ८ लाख ६६ हजार. हा आकडा पेढ्याच्या खोक्यावर कुणी छापला नाही. मे २०२५ मध्ये चार दिवस भारत-पाकिस्तान पेटलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर “आता एकदाच काय ते संपवून टाका” असे निरोप फिरत होते. ते टाकणाऱ्यांचे आईवडील दादर-ठाण्यात राहतात. आणि मुलं? ती वरच्या खोलीत हेडफोन लावून गेममध्ये शहरंच्या शहरं उडवत होती. त्यांना सिनेमा सोसणार नाही म्हणता?

सहा वर्षांच्या पोराला दाखवा असं मी म्हणतच नाही. तेराच्या पुढची मुलं, आणि शेजारी आईबाप. स्वतः पाहून सांगणारे आता फार थोडे उरलेत. २०२४ साली त्यांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला नोबेल शांतता पारितोषिक मिळालं, पण हयात असलेल्यांचं सरासरी वय ८५ च्या पुढे गेलंय.

चार पालकांपैकी तिघे अजून ‘बघू’ म्हणतायत. चौथ्यांच्या मुलीने आपण होऊन विचारलं की कधी आहे. तेव्हा ठरवलंय, ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीनला, आमच्या बेसमेंटमध्ये. सिनेमा दीड तासाच्या आतला आहे. नंतर वरणभात आणि मटारची उसळ. मुलांना सोडून सॉकरला किंवा कॉस्टकोला निघून जायचं नाही, एवढी एकच अट आहे.